डावा पदर वर, उजवा खाली

आमच्या जपानीच्या बाई भांडखोर होत्या, हे आधीच सांगून टाकते. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, तेव्हा चार गोड शब्द लिहायला हवेत हे मलाही कळतं. पण गोड लिहिलं तर त्या असतील तिथून खाली उतरतील आणि माझं वाक्य लाल पेनाने खोडतील. "मी भांडते, कारण बाकीच्यांना दुपारी झोप येते," असं त्या स्वतःबद्दल सांगत.

पुण्यात जपानी शिकवणारे पुष्कळ आणि शिकणारे त्याहून पुष्कळ. सगळीकडे शिक्षकांना 'सेन्सेई' म्हणायची पद्धत. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी हडपसरहून आलेल्या एका इंजिनिअरने कमरेत वाकून 'सेन्सेई' म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "सरळ उभे राहा. मी कर्वेनगरची आहे. बाई म्हणा." तो बिचारा बस बदलत बदलत आला होता. पुढे कायम त्याने बाईच म्हटलं. मीही त्याच वर्गातली. नंतर मी भाषांतराच्या कामाला लागले, लग्न झालं आणि नवऱ्याने हौसेने फ्लॅट घेतला तो नेमका बाईंच्या सोसायटीत, त्यांच्या डोक्यावर. म्हणजे क्लास सुटला, बाई काही सुटल्या नाहीत.

त्यांच्या घरात शिरायचं तर चपला काढायच्या आणि वळवून, दाराकडे तोंड करून ठेवायच्या. जपानी रीत. पाहुण्यांचं सोडा, सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसाचीही सुटका नव्हती. तो खांद्यावर सिलिंडर तोलत पायाने चपला फिरवायचा आणि बाई दारात उभ्या राहून त्या नीट फिरल्या का ते बघायच्या. आत गेलं की हिरवा चहा, कडू जहर. साखर मागितली की त्या छताकडे बोट दाखवायच्या. "साखर वरच्या मजल्यावर मिळते." आणि खरंच, माणसं तोंड वाकडं करत माझ्याकडे यायची!

बसायची जागा एकच, एका भिंतीसमोरची. इतरांकडे जिथे गेलेल्या माणसांचे फोटो असतात तिथे बाईंच्या भिंतीवर गीशा. जुन्या जपानी फोटोंचा केवढा तरी संग्रह होता तो. तपकिरी पडलेले, काही हाताने रंगवलेले. गालांवर गुलाबी, किमोनोवर निळसर, केसांतल्या फुलावर एवढासा लाल ठिपका. कुणी शमिसेन नावाचं तीन तारांचं वाद्य मांडीवर घेतलेली, कुणी पंखा अर्धा उघडलेली, कुणी पाठमोरी, मागची मोकळी मान दिसेल अशी बसलेली. मधोमध एकच मोठा फोटो, न रंगवलेला. एक तरुण गीशा दारात उभी, हात चौकटीवर, कुठेतरी निघालेली आणि कुणी हाक मारली म्हणून थांबलेली. हा कुठला, असं विचारलं की बाई म्हणत, "बाजारात मिळाला," आणि विषय बदलत.

बाकीचे खरोखरच बाजारातले होते. जो कोणी विद्यार्थी कंपनीच्या कामाला जपानला जाईल त्याला ताकीद असायची, "चॉकलेटं आणू नका, मला दात नाहीत. देवळाच्या आवारात जुना बाजार भरतो तिथे जा आणि फोटो बघा." आमची ती कॉम्प्युटरवाली मुलं सुट्टीच्या दिवशी क्योतोतल्या देवळांत उकिडवी बसून बायकांचे जुने फोटो चाळायची. एकाच्या बायकोने त्यावरून अबोला धरला. बाईंनी तिला घरी बोलावून भिंतीसमोर बसवलं आणि सगळी भिंत समजावून सांगितली. अबोला सुटला, पण ती मुलगी नंतर रस्त्यात बाई दिसल्या की पलीकडच्या फुटपाथने जायची.

फोटो आला की बाई भिंग लावून निकाल द्यायच्या. "हा फुजी पर्वत खोटा, पडद्यावर रंगवलेला. हा बर्फ कापसाचा. आणि ही गीशा नव्हे, स्टुडिओवाल्याने बसवलेली कुणीतरी मुलगी आहे. शमिसेन धरलंय कसं बघा, लाटणं धरल्यासारखं!" परदेशी लोकांना विकायला असे फोटो तेव्हा ढिगाने काढत, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. एकदा एकाने मोठ्या उत्साहाने आणलेल्या फोटोतल्या बाईचा कमरपट्टा पुढून बांधलेला निघाला. "गीशाची गाठ मागे असते. ही दुसऱ्या पेशातली," बाई म्हणाल्या. मुलाचा चेहरा पडला, तो फोटो परत पिशवीत घालायला लागला. "अहो, ठेवा तो! पेशा दुसरा म्हणून भिंतीवर जागा नाही की काय?" तिलाही खिळा मिळाला.

मात्र गीशा म्हणजे 'तसली' बाई, असं कुणी नुसतं सुचवलं तरी त्या माणसाचं काही खरं नसे. "गेइ म्हणजे कला, शा म्हणजे माणूस. कोवळ्या वयात शिकायला बसतात. नाच, गाणं, वाद्य, चहा करणं, चार माणसांत बोलणं. बोलायला शिकतात हो! तुमच्याकडे कोण शिकतं?" मग आवाज जरा खाली यायचा. "आपण तरी काय करतो? कलावंत म्हटलं की शाल आणि नारळ. कलावंतीण म्हटलं की भुवया वर. जपान्यांना नावं ठेवू नका." समोरचा माणूस बहुधा फक्त पाणी प्यायला आलेला असायचा.

माझ्या एका वाढदिवसाला मी हौसेने त्यांना कोथरूडमधल्या नव्या जपानी हॉटेलात नेलं. चूक झाली. आत शिरताच समोरच्या भिंतीवर छतापर्यंत रंगवलेली गीशा. बाई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. किमोनो नेसायचा एक पक्का नियम आहे: नेसणाऱ्याचा डावा पदर वर, उजवा खाली. याच्या उलट फक्त प्रेताला नेसवतात. आपल्याकडे एरवी जानवं डाव्या खांद्यावर आणि पितरांच्या कामाला उजव्या, तसंच काहीसं. भिंतीवरच्या गीशाचा उजवा पदर वर होता.

बाईंनी मॅनेजरला बोलावलं. "ही बाई मेलेली आहे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, इट्स जस्ट डेकोर."

"तुमच्या घरी जेवणाच्या टेबलाशेजारी प्रेत ठेवलं तर डेकोर म्हणाल का?"

शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने काड्या खाली ठेवल्या. आम्ही न जेवता बाहेर पडलो आणि कोपऱ्यावर थालीपीठ खाल्लं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. वाढदिवस माझा होता! पण थोड्या दिवसांनी त्या हॉटेलावरून गेले तर भिंतीवर गीशा पुसून मोठा मासा काढलेला दिसला. बाईंना सांगितलं. "माशाला पदर नसतो," त्या म्हणाल्या. "शहाणा आहे मॅनेजर."

शेवटी शेवटी त्यांचे गुडघे गेले, डोळेही दगा द्यायला लागले. भिंग धरूनही फोटोतलं नीट दिसेना. तेव्हा त्यांनी मनावर घेतलं की एकदा हे सगळं लोकांसमोर मांडायचं. "मी असताना," असं म्हणाल्या. "मी गेल्यावर तुम्ही 'जपानी बाहुल्या' म्हणून लावाल." मोठ्या दालनांचे जिने त्यांना झेपणारे नव्हते, म्हणून सोसायटीचाच तळमजल्याचा हॉल मागितला. हॉलची किल्ली सेक्रेटरीकाकांकडे. बँकेतून निवृत्त, स्वभावाने सज्जन, आणि कुणी काही म्हणेल या भीतीने कायम अर्धमेले झालेले.

काका म्हणाले, "हॉल देतो मॅडम, पण तो 'गीशा' शब्द तेवढा... सोसायटीत मुलंबाळं असतात."

"असतात ना. त्यांच्यासाठीच तर लावतेय."

"लोक काय अर्थ काढतील?"

"लोकांना अर्थ काढता येतो? मग काळजीच मिटली."

"'जपानी महिला, काल आणि आज' असं केलं तर?"

"आज कुठून आणू? तुम्ही किमोनो नेसून बसता का?"

कमिटीची बैठक झाली, परत झाली. बाई प्रत्येक बैठकीला जिन्याचा कठडा धरून उतरत आल्या आणि तेच बोलल्या. प्रदर्शनाला नाव 'गीशा' असेल. नसेल तर प्रदर्शन नाही. एवढ्या एका शब्दासाठी इतकी वर्षं जपलेलं सगळं पणाला का लावायचं, ते मला कळेना. मी म्हटलंही, "बाई, आत तर त्याच असणार आहेत. बाहेर काही का लिहिना!" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प चहा संपवला, बिनसाखरेचा. शेवटी काकांनी मान डोलावली. उद्घाटनाला आमच्या भागातल्या माजी नगरसेवकांना, आप्पांना बोलवायचं ठरलं, कारण हॉलच्या फरशा त्यांच्या कृपेने बसल्या होत्या. सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी आप्पांच्या घरची शेती होती, त्यामुळे ते फाटकातून येतात ते अजूनही बांधावरून आल्यासारखे.

रविवारी सकाळी मी खाली आले तर फाटकावर फ्लेक्स लागलेला. 'जपानी पारंपरिक वेशभूषा प्रदर्शन'. डाव्या कोपऱ्यात आप्पा हात जोडून. उजवीकडे बाईंचा तो मधला फोटो, दारात उभी असलेली गीशा. मी कपाळाला हात लावला. गीशा शब्द काकांनी गुपचूप गाळला होता. आता बाई काय करतील या धास्तीत मी फ्लेक्सकडे परत बघितलं. फोटोतल्या बाईचा उजवा पदर वर होता.

"काका, हा फोटो उलटा आहे!"

"उलटा नाही हो, फिरवलाय. मूळ फोटोत तिचं तोंड पलीकडे. म्हणजे आप्पांना पाठ! बरं दिसतं का? डिझाइन करणाऱ्या पोराला म्हटलं, आरशात दिसतो तसा फिरव. बघा, आता दोघं कसे समोरासमोर आले."

वेशभूषेचं प्रदर्शन आणि वेशभूषाच प्रेताची! हसावं की रडावं! काकांना मी घाईघाईने उजव्या पदराचा अर्थ सांगितला. तेवढ्यात बाई आल्याच. ठेवणीतली इरकल नेसलेल्या, पायात नेहमीचे कॅनव्हासचे बूट. फ्लेक्सच्या अगदी जवळ जाऊन, मान वर करून त्यांनी बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता आवाज चढणार. चढला नाही. त्याचीच मला भीती वाटली.

"हा उतरवा," त्या म्हणाल्या.

"अहो मॅडम, आप्पा निघालेत घरून. आणि कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"माझ्या आलंय."

"पण आता ती बाई हयात तरी असेल का? गेलीच असणार. मग बिघडलं काय?"

याला म्हणतात आमच्याकडचं तर्कशास्त्र! बाई त्यांच्याकडे वळल्या. "गेल्या," त्या म्हणाल्या. "पण ह्या फोटोत त्या जिवंत आहेत. संध्याकाळच्या नाचाला निघाल्या आहेत. तुम्ही त्यांना दारातच तिरडीवर घातलंत."

'त्या' म्हणाल्या. इतक्या वर्षांत भिंतीवरच्या कुणालाही बाईंनी 'त्या' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

फीत कापायची कात्री ताटात सजवून ठेवली होती. बाईंनी ती उचलली, पहारेकऱ्याची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि त्या गुडघ्यांसकट वर चढल्या. मी धावत जाऊन खुर्ची धरली, दुसरं काय करणार? काका "अहो, अहो" करत राहिले. बाई त्या आकृतीच्या कडेकडेने सावकाश कापत गेल्या, केस, खांदा, बाही, खाली पायांपर्यंत. फ्लेक्स कापायला चिवट असतो. दम लागत होता, पण थांबल्या नाहीत. कापून झाल्यावर त्यांनी तो तुकडा घडी करून माझ्या हातात दिला. फाटकावर उरले आप्पा, एका भल्यामोठ्या भोकाला नमस्कार करणारे.

आणि खरे आप्पा तेव्हाच गाडीतून उतरले.

"काय झालं ओ?"

काकांचा तोल सुटला. "मला क्षमा करा आप्पा. ह्या मॅडमनी... अहो, आम्ही एवढं केलं, हॉल दिला, आणि ह्यांना एका फोटोचं पडलंय! मॅडम, ही बाई तुमची लागते तरी कोण? बाजारात मिळालेला फोटो तो. तुम्हीच सांगता सगळ्यांना!"

जमलेली माणसं जवळ सरकली. बाई खुर्चीवरून उतरल्या, पदर सारखा केला.

"बाजारात नाही मिळाला," त्या म्हणाल्या. "मी क्योतोला शिकायला होते तेव्हा ह्यांच्या माडीवर राहत होते. माझ्या घरमालकीणबाई. गीशा होत्या. वय झालं होतं, नाच सुटला होता, मुलींना शिकवायच्या. मी तापाने फणफणले तेव्हा उशाशी बसून मला पेज भरवायच्या. आणि मी इथे घरी काय कळवलं? शाळामास्तरांच्या विधवेकडे राहते. गीशाच्या घरात मुलगी राहते म्हटल्यावर वडिलांनी पहिल्या विमानाने परत आणलं असतं. निघताना त्यांनी मला हा फोटो दिला. म्हणाल्या, घरी लाव, आणि कुणी विचारलं तर सांग, ही माझी घरमालकीण, गीशा, चांगली नाचायची. मी हो म्हटलं. इथे आले. वडिलांनी फोटो हातात घेऊन विचारलं, ह्या कोण? मी म्हटलं, माहीत नाही. बाजारात मिळाला."

काका खाली बघत होते.

"वडील जाऊनही युग लोटलं. तरी मी तेच सांगत राहिले. त्या कोण होत्या ते मी एकदा पुसलं. आज तुम्ही पुसलंत, आणि वर फोटो फिरवून त्यांना प्रेताचा पदर दिलात. आता बास."

मला रडू आलं, सरळ सांगते. इतकी वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहत होते, आणि मला त्या नुसत्या हट्टी वाटत होत्या.

आप्पांनी वर फ्लेक्सकडे बघितलं, मग बाईंकडे. "म्हंजे जित्या माणसाच्या फोटूला हार घातल्यावानी झालं हे," ते म्हणाले. "बरं केलं कापला ते. माझा तेवढा शाबूत हाय." मग काकांना म्हणाले, "ओ सेक्रेटरी, फीत कापायची ना? का कात्री ह्यांच्याकडंच ऱ्हाऊ द्यायची?"

"राहू द्या," काका म्हणाले. "बाई, तुम्हीच कापा."

फीत बाईंनी कापली. आप्पा बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि त्यांचं बघून सगळेच वाजवायला लागले. आत हॉलमध्ये तपकिरी, गुलाबी, निळसर सगळ्याजणी ओळीने लावलेल्या होत्या आणि समोरच्या भिंतीवर एकटा तो मोठा फोटो, खरा, डावा पदर वर. लोक शिरले, तसे कडेकडेने पांगायला लागले. बाई मात्र थेट फोटोसमोर गेल्या. दारापाशी बूट काढून त्यांनी ते वळवून ठेवले होते, एवढ्या गर्दीतही. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्या जमिनीवर बसल्या. त्या गुडघ्यांनी बसल्या! दोन्ही हात पुढे टेकले आणि कपाळ हातांना लागेपर्यंत वाकल्या.

सेक्रेटरीकाका माझ्याजवळ येऊन उभे राहिले होते. बाई वाकलेल्या असतानाच जपानीत काहीतरी म्हणाल्या, हळू, पण एकेक अक्षर स्वच्छ.

"काय म्हणाल्या?" काकांनी मला विचारलं.

"ओमातासे इताशिमाशिता," मी म्हटलं. "फार वेळ ताटकळत ठेवलं तुम्हाला, असं."